जुन्या बॅटीचे हक्कदार : क्लबांच्या वापरलेल्या साहित्याची विक्री आणि चाहत्यांची नाराजी

कॅनडा आणि अमेरिकेतील आइस हॉकीचे क्लब हंगाम संपला, की आपल्या कोठीतील वापरलेल्या काठ्या, हातमोजे, बूट आणि जर्सी सर्वसामान्य प्रेक्षकांना विकावयास काढतात; आणि ज्या लोकांनी वर्षभर त्या क्लबाच्या जयापजयात आपला जीव गुंतविलेला असतो, त्यांच्याच मनात त्या विक्रीच्या दिवशी क्लबाविषयी सर्वांत अधिक कटुता निर्माण होते, ही वस्तुस्थिती या विषयाच्या अभ्यासकास प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. आपल्याकडे अशा नियमित विक्रीची प्रथा अद्याप रुजलेली नाही. परंतु नामांकित खेळाडूंच्या वस्तूंचे लाखांत मोजले जाणारे लिलाव, जर्सींचा तेजीत असलेला व्यापार आणि शहराशहराच्या नावाने उभे राहणारे नवे संघ पाहता, तो दिवस दूर आहे असे मानण्यास आधार नाही. नाशिकपुरते बोलावयाचे तर, त्र्यंबक रस्त्यालगतच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, ज्याला सारे गाव अजून गोल्फ क्लब मैदान म्हणूनच ओळखते, जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि बडोदा यांचा रणजी सामना झाला. आणि २०२३ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ‘ईगल नाशिक टायटन्स’ या नावाने शहराला स्वतःचा व्यावसायिक संघही मिळाला. ज्या गावाला संघ आहे, त्या गावात आज ना उद्या त्या संघाची जुनी जर्सी कोणाला मिळावी हा प्रश्न उपस्थित होणारच. म्हणून या वादाची पूर्वपीठिका, त्यातील निरनिराळे पक्ष आणि न सुटलेल्या बाबी यांचा क्रमाने परामर्श घेणे उपयुक्त ठरेल.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रात क्रिकेट आले ते साहित्याच्या दुर्भिक्षासह आले. बॅट, पॅड आणि चेंडू विलायतेहून यावयाचे, त्यांची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची, आणि त्यामुळे गोऱ्या अधिकाऱ्यांनी वापरून टाकून दिलेले साहित्य हाच एतद्देशीय मुलांचा पहिला आधार होता. या संदर्भात पालवणकर बाळू यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे. लष्करात चाकरी करणाऱ्या वडिलांबरोबर पुण्यात वाढलेल्या बाळूंनी आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांनी अधिकाऱ्यांनी टाकलेल्या साहित्यावर खेळाचे प्राथमिक धडे गिरविले. पुढे पूना जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखण्याची नोकरी करता करता बाळू तेथील साहेबांना गोलंदाजी करू लागले. आणि १९११ साली अखिल भारतीय संघाबरोबर इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले असता त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळविले. अस्पृश्यतेच्या त्या काळात ज्याला जिमखान्याच्या मंडपात इतरांच्या पंक्तीला बसून चहा घेता येत नव्हता, त्याच्या हाती त्याच जगातून टाकाऊ ठरलेला चेंडू येतो आणि तो एका महान गोलंदाजाच्या घडणीस कारणीभूत होतो, ही गोष्ट वापरलेल्या साहित्याच्या मोलाविषयी कोणत्याही लिलावाच्या आकड्यापेक्षा अधिक सांगून जाते, असे प्रस्तुत लेखकाला प्रामाणिकपणे वाटते.

पुढे हिंदी क्लब आणि जिमखाने स्थापन झाले, तरी साहित्याची टंचाई कायमच राहिली. क्लबाचे ‘किट’ ही सामायिक मिळकत असे. एका कॅनव्हासच्या पिशवीत तीन-चार बॅटी, पॅडच्या दोन-तीन जोड्या, यष्टिरक्षकाचे हातमोजे आणि स्टंप. ज्याची खेळण्याची पाळी, त्याने बाद होऊन आलेल्याचे पॅड उतरवून घ्यावयाचे. पहिल्या संघाने वापरून झिजविलेली बॅट दुसऱ्या संघाकडे, तेथून सरावाच्या जाळ्यात, आणि शेवटी मैदानाच्या माळ्याच्या मुलाकडे जाई. काथ्याच्या मॅटिंगचेही तसेच होते. मधला भाग चेंडूच्या टप्प्याने विरळ झाला, की कडेचे चांगले तुकडे कापून, खिळ्यांच्या भोकांसकट, शाळेच्या मैदानावर अंथरले जात. तालमींतून तर मुदगल आणि वजने विकण्याचा विचारही कोणी केला नाही. खंडेनवमीला त्यांच्यावर हळदकुंकू वाहिले जाते, आणि अनेक क्लबांतून बॅट-स्टंपांचीही त्या दिवशी तशीच पूजा होते. सारांश, साहित्य झिजेपर्यंत वापरणे आणि वापरता वापरता खालच्या पायरीवरील खेळाडूकडे सोपविणे हीच आपल्याकडील रीत होती. विक्रीचा प्रश्न आला, तर तो फक्त भंगारवाल्यापुरता.

शासकीय आणि निमशासकीय संस्थांची रीत याहून निराळी, परंतु तितकीच शिस्तबद्ध होती. प्रत्येक नग जडसंग्रह नोंदवहीत चढवावयाचा, निकामी झाला की समितीने पाहणी करून निर्लेखनाचा ठराव करावयाचा, आणि मग जाहीर लिलावाने ‘आहे त्या स्थितीत, आहे त्या ठिकाणी’ विल्हेवाट लावावयाची. या पद्धतीत चाहत्याला स्थान नव्हते. कारण निकामी झालेल्या वस्तूवर कोणाचे प्रेम असू शकते, ही कल्पनाच त्या नियमांच्या मसुद्यात बसणारी नव्हती.

वस्तूला आलेला भाव

हे चित्र कसे पालटले, हे समजण्यास काही व्यवहार लक्षात घ्यावे लागतात. २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात महेंद्रसिंग धोनी यांनी ज्या बॅटीने विजयी षटकार मारला, ती बॅट त्याच वर्षी जुलैमध्ये लंडन येथे धर्मादाय लिलावात एक लाख पौंडांस विकली गेली. जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील वणव्यांच्या मदतनिधीसाठी शेन वॉर्न यांनी आपली कसोटी टोपी लिलावास काढली, ती दहा लाख सात हजार पाचशे ऑस्ट्रेलियन डॉलरांस गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये के. एल. राहुल आणि अथिया शेट्टी यांनी विप्ला फाउंडेशनच्या मदतीसाठी केलेल्या लिलावात विराट कोहली यांच्या जर्सीला चाळीस लाख आणि हातमोज्यांना अठ्ठावीस लाख रुपये आले, तर रोहित शर्मा यांच्या बॅटीला चोवीस लाख. टोकियो ऑलिंपिकनंतर पंतप्रधानांना भेट मिळालेल्या वस्तूंच्या ई-लिलावात नीरज चोप्रा यांचा भाला दीड कोटी रुपयांस गेला, आणि तो घेणारी संस्था भारतीय क्रिकेट नियामक मंडळ ही होती.

या सर्व व्यवहारांत एक समान सूत्र आहे. विक्रीचा पैसा सत्कार्यासाठी, वस्तू देणारा स्वतः खेळाडू किंवा त्याच्या संमतीने दुसरा कोणी, आणि घेणारा धनाढ्य. येथे तक्रारीस फारसा वाव राहत नाही. सामान्य प्रेक्षक ही रक्कम ऐकून थक्क होतो, परंतु आपल्यावर अन्याय झाला असे त्यास वाटत नाही. अन्यायाची भावना उद्भवते ती त्याखालच्या थरात. म्हणजे जेथे क्लब स्वतः विक्रेता आहे, किंमत पाचशे रुपयांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत असू शकते, आणि घेणारा तिकीट काढून उन्हात बसणारा माणूस आहे. वादाचे खरे क्षेत्र हेच होय.

चाहत्याचे गाऱ्हाणे

चाहत्यांच्या तक्रारी ऐकताना त्यांचे वर्गीकरण सहज करता येते. परंतु त्यांतील काही वरवरच्या असून काही मर्मभेदक आहेत, आणि त्यांना एकाच मापाने मोजणे रास्त होणार नाही.

पहिले गाऱ्हाणे सूचनेचे. विक्रीची सूचना फार उशिरा निघते, ती आधी सभासदांना व हंगामी तिकीटधारकांना कळते, आणि चांगला माल त्यांच्या वाट्याला गेल्यावर दरवाजा इतरांसाठी उघडतो. सभासदांना अग्रक्रम देणे यात मूलतः गैर काही नाही. गैर आहे ते हे, की अग्रक्रम आहे ही गोष्ट रांगेतल्या माणसाला रांगेत तीन तास उभे राहिल्यानंतर समजावी. मुंबईकरांना आणि मुंबईबाहेरच्या क्रिकेटरसिकांना या दुःखाची ओळख तिकिटांच्या निमित्ताने पूर्वीच झालेली आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या अखेरच्या कसोटीसाठी वानखेडेवरील केवळ पाच हजार तिकिटे सर्वसामान्यांसाठी खुली झाली, आणि ती देणारे संकेतस्थळ विक्री सुरू होताच कोलमडले. वस्तू अल्प आणि इच्छुक अगणित असता कोणाला तरी नकार मिळणे अटळ आहे, हे प्रत्येक समंजस माणूस जाणतो; नकाराची रीत मात्र त्याच्या मनात घर करून राहते.

दुसरे गाऱ्हाणे व्यापाऱ्यांविषयी. रांगेच्या अग्रभागी जे उभे असतात त्यांपैकी काहींच्या हातांत यादी असते, ते भराभर बॅटी व जर्सी उचलतात, आणि त्याच संध्याकाळी त्या वस्तू दुप्पट-तिप्पट भावाने बाजारात दिसू लागतात. प्रत्येकी एक-दोन नगांची मर्यादा हा यावरचा प्रचलित उपाय. पण तोही, एका व्यापाऱ्याने चार माणसे उभी केली की, निष्प्रभ होतो. व्यापाऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे होईल. तो माल साठवितो, पारखतो, दूरच्या गावच्या संग्राहकापर्यंत पोचवितो आणि न खपलेल्या वस्तूंचा तोटा सोसतो. नाशिकच्या किंवा धुळ्याच्या ज्या माणसाला मुंबईच्या रांगेत उभे राहणे शक्य नाही, त्याला त्याच्यामुळेच काहीतरी मिळू शकते. तरीही ज्याने क्लबाच्या पडत्या काळातही मैदान सोडले नाही, त्याला ही सेवा पुन्हा पैसे मोजून घ्यावी लागते, ही बोच या युक्तिवादाने जात नाही.

तिसरे गाऱ्हाणे सर्वांत गंभीर, आणि म्हणून त्याच्याजवळ थोडे थांबणे अवश्य आहे. वस्तू खरी आहे काय? एखादी बॅट हातात घेतली असता तिच्या कडांवर चेंडूचे तांबडे ठसे, पात्याच्या खालच्या टोकाशी ओल लागू नये म्हणून बसविलेला रबरी पट्टा, एका बाजूला चिरेवरून गुंडाळलेली फायबरची टेप आणि मुठीच्या ग्रिपवर अंगठ्याच्या जागी पडलेली झीज दिसते. हे सर्व ती वापरली गेली आहे एवढेच सांगते. ती कोणत्या सामन्यात वापरली, सामन्यात वापरली की जाळ्यात, ज्याचे नाव तिच्यावर लिहिले आहे त्यानेच वापरली की त्याच्या नावाने आलेल्या डझनभर बॅटींपैकी ती एक आहे, यांपैकी काहीही ती स्वतः सांगू शकत नाही. जर्सीच्या बाबतीत तर अडचण आणखी वाढते. कारण सामन्यात घातलेली, राखीव म्हणून पेटीत ठेवलेली आणि दुकानात विकण्यासाठी शिवलेली अशा तीन जर्सी एका धुण्यानंतर जवळजवळ सारख्याच दिसतात. विक्रीच्या फलकावर जेव्हा केवळ ‘खेळाडूने वापरलेले’ एवढेच लिहिलेले असते, तेव्हा घेणारा आपल्या श्रद्धेने उरलेले वाक्य पूर्ण करतो आणि पुढे पस्तावतो.

ही शंका बड्या व्यवहारांनाही चुकलेली नाही. १९८६ च्या फुटबॉल विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध हाताने केलेल्या गोलासाठी प्रसिद्ध असलेल्या सामन्यातील दिएगो माराडोना यांची जर्सी मे २०२२ मध्ये सदबीज या पेढीने एकाहत्तर लाख पौंडांहून अधिक किमतीस विकली. त्याआधी माराडोना यांच्या कुटुंबीयांनी ती पहिल्या अर्धातील, म्हणजे गोलाच्या वेळची नसलेली, जर्सी असल्याचा आक्षेप घेतला होता, आणि पेढीने छायाचित्रांतील बारीकसारीक खुणांशी कापड ताडून पाहून आपले म्हणणे कायम ठेवले. अमेरिकेत बनावट स्वाक्षऱ्यांचा धंदा केंद्रीय तपासयंत्रणेने उघडकीस आणल्यानंतर तेथील बेसबॉल लीगने २००१ पासून निराळीच व्यवस्था सुरू केली. प्रत्येक सामन्यास लीगचा एक साक्षीदार हजर राहतो आणि चेंडू, बॅट किंवा तळाची उशी खेळातून बाहेर पडताच तीवर क्रमांकित चिकटपट्टी लावून नोंद करतो. या कामावर बहुधा आजी-माजी पोलिसांची नेमणूक होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्याकडील कोठीत मात्र बहुधा पॅडच्या आतल्या बाजूला शाईने लिहिलेली आद्याक्षरे हाच काय तो दाखला.

मालाचा उगम स्वच्छ नसण्याचाही एक प्रकार आहे. २०२५ साली वानखेडे मैदानावरील नियामक मंडळाच्या कोठारातून अडीचशेहून अधिक आयपीएल जर्सी चोरीस गेल्याची फिर्याद मुंबई पोलिसांकडे नोंदविली गेली; मालाची किंमत सुमारे साडेसहा लाख रुपये सांगण्यात आली, आणि त्या जर्सी परप्रांतातील ऑनलाइन व्यापाऱ्यापर्यंत पोचल्याचा आरोप झाला. या प्रकरणाचा निवाडा न्यायालय करील. परंतु ज्या बाजारात अधिकृत विक्रीची वाट अरुंद असते, तेथे अनधिकृत वाट किती लवकर रुळते, हे त्यावरून ध्यानात येते. आणि प्रामाणिकपणे पैसे मोजून घेतलेल्या जर्सीचा मालक आपण आहोत की नाही, हा घोर चाहत्याच्या माथी बसतो.

उरलेली गाऱ्हाणी थोडक्यात सांगता येतील. किमतीचा तक्ता आधी लावलेला नसतो. घेतलेली वस्तू परत करता येत नाही. आणि पैसा कोणत्या खात्यात गेला, हे कधी कळत नाही. यांतील शेवटची बाब क्लबांना वाटते त्याहून अधिक जिव्हाळ्याची आहे. धर्मादाय लिलावात चाळीस लाख देणाऱ्याला त्याचे प्रयोजन सांगितले जाते. दोन हजार देणाऱ्याला ते सांगण्याची गरज कोणास वाटत नाही.

क्लबांची बाजू

दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकले असता ते निराधार वाटत नाही. साहित्य सांभाळणे हे खर्चाचे काम आहे. जागा लागते, माणूस लागतो, आणि पावसाळ्यात चामड्याला बुरशी लागते. सामान्य क्लबाचा जमाखर्च वर्गणी, देणगी आणि मैदानाच्या भाड्यावर चालतो. चांगल्या इंग्लिश विलोच्या बॅटीची किंमत आज दहा हजारांच्या पुढेच सुरू होते. अशा परिस्थितीत जुन्या मालातून चार पैसे उभे राहिले आणि त्यांतून कुमारगटासाठी नवे साहित्य आले, तर त्याला व्यापारीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. प्रत्येक वस्तूचा दाखला ठेवावयाचा, तर त्यासाठी नेमलेल्या माणसाचा पगार त्या वस्तूंच्या विक्रीतूनही निघणार नाही, असे लहान क्लबांचे खजिनदार सांगतात; आणि ते खरे आहे.

सद्हेतूने केलेली विक्रीही कशी फसते, याचे उदाहरण लंडनच्या आर्सेनल क्लबाने पुरविले. २००६ साली हायबरी हे जुने मैदान सोडताना तेथील गोलखांब, हिरवळ आणि जुन्या प्रशिक्षकाचे टेबल यांचा लिलाव झाला. परंतु ज्या आसनांवर चाहत्यांनी वर्षानुवर्षे बसून सामने पाहिले, ती आसने विकता आली नाहीत, कारण त्यांच्या प्लॅस्टिकमध्ये कॅडमियम या विषारी धातूचे अंश आढळले आणि कायद्याने ती घातक कचरा ठरली. ज्यांना आपली खुर्ची हवी होती त्यांचा विरस झाला, परंतु दोष द्यावा असा कोणी सापडला नाही.

मैदानावरच्या मुलाचा हक्क

या वादात एक पक्ष असा आहे, की जो बहुधा रांगेतही नसतो. जिल्ह्यातील प्रशिक्षक आणि शाळांचे क्रीडाशिक्षक यांचे म्हणणे असे, की खेळण्याजोगे साहित्य काचेच्या कपाटात जाणे हाच मुळी अपव्यय होय. बाळूंच्या काळापासून चालत आलेली खाली झिरपण्याची वाट विक्रीमुळे बंद होते. पेठ, सुरगाणा किंवा चांदवडच्या मुलाला ज्या बॅटीने दोन हंगाम काढता आले असते, ती बॅट एखाद्या दिवाणखान्यात टांगली जाते. नाशिक जिल्ह्याला हा युक्तिवाद विशेष लागू पडतो. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावचा दत्तू भोकनळ सैन्यात जाऊन रोइंग शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत पोचला. सावरपाड्याची कविता राऊत अनवाणी धावत मोठी झाली. खेळाडूची गुणवत्ता येथे साहित्याची वाट पाहत बसलेली आहे, असे कोणी म्हणाले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

या म्हणण्याला एक मर्यादा आहे आणि ती सुरक्षिततेची आहे. बॅट, स्टंप, जाळी किंवा मॅटिंग पुढे देण्यास हरकत नाही. परंतु शिरस्त्राणाचे तसे नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये फिलिप ह्यूज यांच्या मृत्यूनंतर क्रिकेटजगताने हेल्मेटच्या दर्जाकडे गांभीर्याने पाहण्यास सुरुवात केली, आणि २०१३ च्या ब्रिटिश मानकास उतरणारी हेल्मेटेच आंतरराष्ट्रीय सामन्यांत वापरावीत असा दंडक पुढे आला. जोराचा चेंडू लागलेल्या हेल्मेटच्या आतील थर दबलेला असू शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही. म्हणून उत्पादक ते बदलण्याचाच सल्ला देतात. अशा हेल्मेटचे दान हे दान नव्हे. संग्राहकाला ते विकावे, पण खेळणाऱ्या मुलाच्या डोक्यावर ते चढू नये, एवढा भेद कोठीतच व्हावयास हवा. आणि प्रस्तुत लेखकाच्या मते, सर्व पक्षांचे ज्यावर तत्काळ एकमत होऊ शकेल अशी या वादातील ही एकमेव बाब आहे.

दप्तर आणि वारसा

चौथा पक्ष इतिहासाच्या अभ्यासकांचा आणि संग्रहालयांचा. त्यांचा आक्षेप विक्रीला नाही, विस्कळीत विक्रीला आहे. एकदा वस्तू दहा घरांत विखुरली, की तिची कहाणी पुन्हा जुळविता येत नाही. परंतु संस्थेच्या हवाली केली म्हणून वस्तू सुरक्षित राहते, असाही आपला अनुभव नाही. हॉकीपटू बलबीर सिंग सीनियर यांनी १९८५ साली आपली छत्तीस पदके, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील कर्णधाराचा ब्लेझर आणि शंभराहून अधिक छायाचित्रे नियोजित क्रीडा संग्रहालयासाठी भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे सोपविली. २०१२ साली विचारणा झाली तेव्हा ती सापडेनात, आणि २०२० साली त्यांचे निधन झाले तेव्हाही ती परत मिळाली नव्हती. हे वाचल्यावर खाजगी संग्राहकाच्या कपाटाला नावे ठेवण्याचा धीर होत नाही.

महाराष्ट्रात याच प्रश्नाने आणखी तीव्र रूप धारण केले ते खाशाबा जाधव यांच्या पदकाच्या निमित्ताने. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक देणाऱ्या या कराडजवळच्या गोळेश्वरच्या मल्लाच्या प्रवासखर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी जमविली होती, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असे आजही त्या भागात कृतज्ञतेने सांगितले जाते. गावात कुस्ती अकादमी उभारण्याचे शासनाचे आश्वासन प्रत्यक्षात उतरेना, तेव्हा २०१७ साली कुटुंबीयांनी ते पदकच लिलावात काढून अकादमीसाठी पैसा उभा करण्याचा मनोदय जाहीर केला, आणि उभा महाराष्ट्र अस्वस्थ झाला. कायद्याने पदक कुटुंबाचे; त्यामागे पैसा गावाचा; अभिमान देशाचा. तीनही हक्क खरे आहेत आणि त्यांतला एकही दुसऱ्याला रद्द करीत नाही. क्लबाच्या साहित्यासंबंधीचा वाद याच गाठीचा धाकटा नमुना आहे.

संग्रहालयांची व्यवस्था आता आपल्याकडे आकार घेऊ लागली आहे. पुण्यात सहकारनगर येथे २०१२ पासून ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेट संग्रहालय आहे. वानखेडे मैदानावर मुंबई क्रिकेट संघटनेने ऑगस्ट २०२५ मध्ये शरद पवार यांच्या नावाचे संग्रहालय उघडले. लॉर्ड्सवरील संग्रहालय १९५३ चे, हे ध्यानी घेतले तर आपण साठ-सत्तर वर्षे मागे आहोत. परंतु आरंभ झाला आहे. ज्या क्लबांचे अस्तित्वच संपले, त्यांच्या वस्तूंना मात्र या व्यवस्थेतही घर नाही. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा फुटबॉल संघ २०१० साली विसर्जित झाला, पुणे वॉरियर्सचा आयपीएल करार २०१३ साली रद्द झाला, एफसी पुणे सिटीचा संघ २०१९ साली बंद झाला. आणि प्रत्येक वेळी त्यांच्या चाहत्यांना चौकशी करण्यास पत्तासुद्धा उरला नाही.

कायद्याची चौकट

कायदा या व्यवहाराकडे अंशतःच पाहतो. १९३० च्या मालविक्री अधिनियमानुसार वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. म्हणजे ‘सामन्यात वापरलेली’ असे लिहिले असेल तर ती तशीच असावयास हवी, आणि ‘आहे त्या स्थितीत’ या शब्दांनी स्थितीची जबाबदारी झटकता आली तरी ओळखीची झटकता येत नाही, असा अर्थ त्यातून सयुक्तिकपणे काढता येतो. याच अधिनियमाच्या ६४ व्या कलमाने लिलावात विक्रेत्याने आपला माणूस बसवून बोली फुगविण्यास, तसे आधी जाहीर केले नसल्यास, प्रतिबंध केला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने तक्रारदारास आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा दिली. त्यामुळे मुंबईच्या विक्रेत्याविरुद्ध नाशिकच्या चाहत्याला नाशिकच्या आयोगापुढे उभे राहता येते. पुनर्विक्रीसाठी माल घेणाऱ्याला मात्र हा अधिनियम ग्राहक मानीत नाही, आणि चाहता व व्यापारी यांतील जो भेद रांगेत करता येत नाही तो येथे आपोआप होतो. वर्षातून एकदा विक्री करणारा क्लब ‘व्यापारी’ ठरतो काय, हा मुद्दा वादविषय होऊ शकतो.

सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था म्हणून नोंदलेल्या संस्थांची स्थिती आणखी लक्षणीय आहे. अशा विश्वस्तव्यवस्थांविषयीच्या १९५० च्या अधिनियमाच्या ३६ व्या कलमानुसार स्थावर मिळकत विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. जंगम वस्तूंना ते कलम लागू नाही; म्हणजे मैदानाचा कोपरा विकावयाचा तर आयुक्तांपुढे जावे लागते, पण पन्नास वर्षांपूर्वीचा चषक विश्वस्तांच्या साध्या ठरावाने जाऊ शकतो. शंभर वर्षे उलटलेल्या ऐतिहासिक वस्तूला १९७२ च्या केंद्रीय कायद्याने पुरावस्तूचा दर्जा मिळू शकतो आणि मग ती देशाबाहेर नेता येत नाही. मुंबई-पुण्याच्या जुन्या जिमखान्यांतील काही चषक आणि मानपत्रे या मर्यादेत आलेली आहेत, याची जाणीव फारच थोड्या व्यवस्थापक मंडळांना आहे.

अनिर्णित राहिलेले

येथवरच्या विवेचनातून प्रस्तुत लेखकाचा जो ग्रह झाला तो सांगणे कर्तव्य आहे. चाहत्याचा रोष किमतीवर क्वचितच असतो. विक्री कोणासाठी आहे, हे क्लबाने आधी न ठरविल्याने आणि न सांगितल्याने तो उद्भवतो. खजिन्यासाठी असेल तर जाहीर लिलाव वाजवी. चाहत्यासाठी असेल तर सोडत आणि स्थिर दर. मुलांसाठी असेल तर विक्रीच नको. आणि इतिहासासाठी राखावयाचे ते सर्वांआधी बाजूला काढावयास हवे. एकाच दिवशी एकाच मेजावर ही चारही प्रयोजने साधू पाहणारी विक्री चौघांनाही असंतुष्ट ठेवते. मात्र हे प्रमाण कोणी ठरवावे, व्यवस्थापक मंडळाने, सर्वसाधारण सभेने की चाहत्यांच्या प्रतिनिधींनी, याविषयी कोठेही सर्वमान्य पद्धत नाही. व्यावसायिक संघांत तर जर्सी खेळाडूची, संघमालकाची की लीगची, हाच प्रश्न करारागणिक बदलतो. सोडतीची पद्धत सचोटीची असली तरी वीस वर्षे मैदानावर येणाऱ्याला आणि काल आलेल्याला ती एकाच पातळीवर आणते, आणि ते न्याय्य की अन्याय्य यावर चाहत्यांतच दोन तट आहेत.

यातील सर्वांत नवी अडचण महिला क्रिकेटने पुढे आणली आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, आणि सांगलीच्या स्मृती मानधना यांच्यासारख्या खेळाडूंच्या वस्तूंना संग्राहकांच्या लेखी यापुढे निराळेच मोल येणार हे उघड झाले. नाशिक जिल्ह्याच्या माया सोनवणे हिने लेगस्पिनच्या बळावर राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धा गाठल्यानंतर येथील मैदानांवर मुलींची ये-जा वाढू लागली असून, त्यांच्या मापाचे पॅड, हातमोजे आणि हलक्या वजनाच्या बॅटी जुन्या कोठ्यांतून मिळत नाहीत, कारण त्या कोठ्या पुरुषांच्या साहित्याने भरलेल्या आहेत. मुलींच्या मापाचे वापरलेले साहित्य त्यामुळे शिकणारीला सर्वाधिक उपयोगाचे आहे आणि संग्राहकाला अधिकाधिक हवेसे होत चालले आहे. आणि त्याच्या विक्रीची रीत मात्र अजून कोणत्याही क्लबाने ठरविलेली नाही.